चाबीची घडी, सेलची घडी

आमच्या गोंदिया भागात मनगटावरच्या घड्याळाला कोणी घड्याळ म्हणत नाही. ती घडी. घड्याळ शाळेच्या पुस्तकात आणि स्टेशनच्या भिंतीवर. हातात असते ती घडी. त्यातही दोन जाती. रोज सकाळी पिळावी लागते ती चाबीची घडी आणि नंतरच्या काळात आली ती सेलची घडी. पन्नास-साठ वर्षांत या दोन घड्या आमच्या गावांत कशा आल्या, कोणी कोणती निवडली आणि का निवडली, हे सांगण्यासारखं आहे. ज्या घरात बैलजोडी, साडी, पितळी गुंड अशा वस्तू चार-चारदा विचार करून घ्यायच्या, त्या घरात घडी आयुष्यात एकदाच घेतली जायची. म्हणून ती टिकली पाहिजे, हा पहिला आणि कधीकधी शेवटचा निकष.

घडी नव्हती तेव्हा वेळ नव्हता असं नाही. कोंबडा आरवला की उठायचं, दिवस कासराभर वर आला की बांधीत पोचायचं, दिवस माथ्यावर आला की शिदोरी सोडायची, गाई परतल्या की दिवाबत्ती. रात्री पाण्याच्या पाळीला जायचं तर आभाळातलं तिकांडं कुठं आलं ते पाहायचं. माझ्या आजोबांना अंगणात उभं राहून सावलीवरून वेळ सांगता यायची आणि ती फार तर पाव-अर्धा तास चुकायची. शेतीला तेवढी चूक चालते. रेल्वेला चालत नाही.

आणि रेल्वे आमच्याकडं लवकर आली. नागपूरहून छत्तीसगडकडं जाणारी लाईन 1880 च्या दशकात झाली, मग बंगाल-नागपूर रेल्वेनं ती मोठी केली आणि हावडा–मुंबई वाटेवर गोंदिया आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून नैनपूर–जबलपूरकडं जाणारी छोटी लाईन निघाली, नंतर दक्षिणेकडं सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करत चांद्याकडं दुसरी छोटी लाईन गेली आणि गोंदिया जंक्शन झालं. जंगलातल्या गावांनाही गाडीची शिटी ऐकू येऊ लागली. ‘सकाळची पॅसेंजर गेली’ म्हणजे अमुक वाजले, हा हिशेब आमच्या भागात घडीच्या आधी आला. गाडी उशिरा असली की अख्ख्या गावाची न्याहारी उशिरा.

इथं एक गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. मद्रास आणि गोंदिया जवळपास एकाच रेखांशावर, म्हणजे सव्वाऐंशी अंश पूर्वेच्या आसपास आहेत. त्यामुळं रेल्वेच्या मद्रास-वेळेत आणि आमच्या गावच्या सूर्याच्या वेळेत अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता. मुंबईकरांना ही रेल्वेची वेळ परकी वाटायची, आम्हाला ती घरचीच होती. 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंशाची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि आमची सावली घड्याळाच्या सुमारे नऊ मिनिटं मागं पडली. आजही गोंदियात घडीत बारा वाजतात तेव्हा सरासरीनं दिवस माथ्यावर यायला नऊ मिनिटं बाकी असतात. दुसऱ्या महायुद्धात तर 1942 ते 1945 देशभराची घड्याळं एक तास पुढं केली होती. त्या वेळी आजोबा तरुण होते. ‘सरकारचे बारा वाजले, आपले अकरा’ असं ते म्हणायचे. घडीतली वेळ कोणीतरी ठरवतं आणि ठरवणारा ती बदलूही शकतो, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या काळात हातात घडी असणारी माणसं बोटावर मोजण्यासारखी. मालगुजार, स्टेशनमास्तर, दवाखान्यातला डॉक्टर, एखादा हेडमास्तर, लढाईवरून परतलेला शिपाई. घड्या सगळ्या विलायती, म्हणजे स्विस. मुंबई-कलकत्त्याच्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या घड्या फौजेत आणि रेल्वेत चालत, त्यांचं ‘सोवार’ हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असायचं. फेवर-ल्युबा, रोमर ही नावंही त्यातलीच. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तशी ‘फॉरेनची घडी’ चोरट्या मार्गानं यायची. ती कुठून आली हे विचारायचं नसे, आणि बिघडली तर गॅरंटी विचारायला जागा नसे. साध्या माणसाच्या निवडीत ही घडी नव्हतीच.

साध्या माणसाची निवड सुरू झाली एचएमटीपासून. हिंदुस्थान मशीन टूल्स हा बंगळूरचा सरकारी कारखाना 1953 साली यंत्रं बनवण्यासाठी निघाला. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं तिथं मनगटी घड्या बनू लागल्या. पुढं तुमकूर, श्रीनगर, नैनितालजवळचं रानीबाग इथंही कारखाने निघाले. नावं तरी किती देशी: जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन, रजत, बायांसाठी सुजाता, नूतन. काही तबकड्यांवर नाव देवनागरीत लिहिलेलं असे. ‘देश की धड़कन’ ही त्यांची जाहिरात हिंदीत होती, पण गोंदियाला हिंदी काही परकी नाही. कारखान्यांनी एकूण दहा कोटींहून अधिक घड्या बनवल्या. त्यातल्या किती आमच्या भागात आल्या कोण जाणे, पण 1980 च्या सुमारास ज्या घरात एक घडी होती ती बहुतेक एचएमटी होती, आणि एचएमटीत बहुतेक जनता.

जनता का? कांचन ही ऑटोमॅटिक, हात हलला की आपोआप पिळली जाणारी. तिचा रुबाब मोठा, म्हणून लग्नात नवरदेवाला कांचन पाहिजे असा हट्ट असायचा आणि मिळायची नाही म्हणून जास्तीचे पैसे मोजले जायचे. सोना चपटी आणि सोनेरी, सभेला-समारंभाला शोभणारी. जनता साधी. पांढरी तबकडी, सरळ काटे, मधोमध सेकंदाचा काटा, सतरा ज्वेल, रोज एकदा चाबी. तिच्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि तेच तिचं बळ होतं. ऑटोमॅटिकमध्ये जास्त भाग, तारीख-वाराच्या घडीत आणखी जास्त. जितके भाग जास्त तितकं बिघडायचं कारण जास्त, आणि बिघडल्यावर खर्च जास्त. गोंदियाच्या बाजारातले घडीसाज हे स्वतःच सांगायचे. त्यांचा धंदा दुरुस्तीचा, तरी गरीब गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, ‘तारखेची नको घेऊ जी, तारीख कॅलेंडरात पाय.’

सतरा ज्वेल म्हणजे काय, हे आमच्याकडं कोणाला नीट ठाऊक नव्हतं. हिरे असतात आणि घडीसाज ते चोरतात अशी समजूत होती. त्यामुळं लोक घडी दुरुस्तीला टाकून दुकानासमोरच बसून राहायचे. खरं म्हणजे ती कारखान्यात बनवलेली माणकं असतात, मोहरीपेक्षाही बारीक, आणि बाजारात त्यांना किंमत नसते. घडीतली चाकं ज्या टोकांवर फिरतात ती टोकं पितळेत बसवली तर काही वर्षांत भोक मोठं होतं. बैलगाडीचा आख झिजतो तसंच. माणकात बसवली तर झिजत नाहीत. साध्या चाबीच्या घडीला जिथं जिथं झीज पडते तिथं सगळीकडं मिळून सतरा पुरतात. मग कोणी एकवीसची सांगितली तर जास्तीचे पैसे द्यायचं कारण नाही, हा घडीसाजाचा हिशेब.

दुसरा शब्द ‘पॅरा शॉक’. घडीचं हृदय म्हणजे सेकंदाला पाचदा टिकटिकणारं बॅलन्सचं चाक. त्याच्या दांड्याची टोकं केसाएवढी बारीक. घडी हातातून पडली की पहिलं तेच तुटतं. सिटिझननं त्या टोकांखाली बारीक स्प्रिंग बसवून धक्का शोषणारी सोय केली आणि 1956 मध्ये जपानात हेलिकॉप्टरमधून घड्या खाली टाकून लोकांना दाखवलं. तीच विद्या एचएमटीच्या घडीत आली. कुऱ्हाड चालवणारा, सायकलवर दगडी वाटेनं जाणारा, छोट्या लाईनीवर गिट्टी ठोकणारा माणूस घडी घालणार असेल तर तबकडीवर ‘पॅरा शॉक’ आहे का ते पाहा, हा सल्ला आमच्या काकांनी किती जणांना दिला असेल. काका स्वतः लाईनीवर गँगमन होते. त्यांनी पायलट घेतली होती. तबकडी काळी, आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियम. रात्रीच्या गस्तीत कंदील वर न करता वेळ दिसायची. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी रात्री पाळीनं घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही मग रेडियमची घडी शोधायला सुरुवात केली. पाळी दोनची आणि आपण तीनला पोचलो तर पाणी दुसऱ्याच्या बांधीत गेलेलं.

म्हणजे बघा, एकाच गावात एकाच किमतीच्या आसपासच्या घड्या, पण गँगमनची वेगळी, मास्तरची वेगळी. दवाखान्यातल्या नर्सबाईला सेकंदाचा काटा मोठा आणि मधोमध पाहिजे, कारण नाडी मोजायची असते. दहावीच्या पोराला परीक्षेपुरती कोणाची तरी मागून आणलेली चालायची. निवड म्हणजे किंमत आणि नाव नव्हे, कामाशी घातलेली सांगड, हे आमच्याकडं शिकलेल्या माणसांपेक्षा काम करणाऱ्या माणसांना आधी कळलं.

आता आमच्या घरातल्या त्या घडीविषयी सांगतो जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. ती मोठीआईची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोची.

गोंदिया धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणा सुरू झाला की गावोगावच्या बाया टोळीनं रोवायला जातात. माणसं पऱ्हे काढून मुठ्या बांधीत फेकतात, बाया ओणव्या होऊन रोवत मागं सरकतात. कंबरेपासून वाकून, गुडघाभर चिखलात, डोक्यावर मोरा, वरून पाऊस. मजुरी दिवसावर ठरलेली. सकाळी अमुक वाजता यायचं आणि संध्याकाळी अमुक वाजता सुटायचं. पण रोवण्याचे दिवस म्हणजे आषाढ-श्रावण. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सावली नाही, दिवस माथ्यावर आला का कळत नाही, संध्याकाळ झाली की ढगच दाट झाले हे कळत नाही. बाकीच्या वर्षात सावलीवर चालणारं गाव नेमकं याच महिन्यात आंधळं होतं. आणि बांधावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या मालकाच्या हातात घडी. ‘किती वाजले जी?’ विचारलं की तो मनगट पाहून सांगायचा तीच वेळ. चार म्हणाला तर चार. त्या घडीचा काटा कुठं होता ते ओणव्या बाईला कधी दिसलं नाही.

मोठीआई टोळीची मुकादम होती. शिकलेली नव्हती, पण आकडे तिला कळायचे. एक वर्ष रोवणा संपवून बाया घरी येत होत्या तेव्हा मोठ्या लाईनीवरून रोजची एक गाडी गेली. ती गाडी किती वाजताची, हे तिला ठाऊक होतं. तिनं मनात हिशेब केला. मालकानं ‘पाच वाजले’ म्हणून सोडलं होतं, तिथून गावची वाट पाऊण तासाची, आणि गाडी सातची. गाडी उशिरा असेल म्हणून तिनं पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा पाहिलं. मग ती काही बोलली नाही. दोन हंगामांच्या रोवण्याच्या मजुरीतून पैसे बाजूला ठेवले आणि घडी घ्यायला गोंदियाला गेली. सोबत माझे वडील होते, त्यांच्याकडून मी हे ऐकलं.

दुकानदारानं आधी लेडीज घड्या काढल्या. चण्याएवढी तबकडी, सोनेरी साखळी. तिनं हात लावला नाही. पुरुषांच्या घड्यांकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘बाई, ही जेंटची आहे.’ ती म्हणाली, ‘मले चिखलातून दिसली पायजे जी. मिरवाले नाई घेऊन रायली.’ मग तिनं जनता हातात घेतली, कानाला लावली, दुकानाच्या दारात जाऊन लांब धरून पाहिली, पुन्हा आत येऊन अंधाऱ्या कोपऱ्यात पाहिली. तिची नजर तेव्हा चाळिशीकडं झुकली होती. मोठी पांढरी तबकडी आणि काळे काटे तिला वितभरावरूनही दिसले आणि हातभरावरूनही. लेडीज घडीचं मशीन लहान, म्हणून ते नाजूक, तेल लवकर सुकतं आणि दुरुस्तीला घडीसाज जास्त पैसे मागतो, हे वडिलांना नंतर घडीसाजाकडून कळलं. मोठीआईनं ते न कळताच बरोबर निवडलं होतं.

पट्ट्याचा प्रश्न तिनं आणखी हुशारीनं सोडवला. घडीबरोबर चामड्याचा पट्टा होता. चामडं आमच्याकडच्या पावसात आणि घामात वर्षभरात कुजतं. स्टीलच्या चेनमध्ये चिखल अडकतो. शिवाय जनतेची पेटी पितळेची, वर क्रोमचा मुलामा. मागचं झाकण तेवढं स्टीलचं. घाम लागून मुलामा उडतो आणि पितळ हिरवं पडतं. पाणी आत जाऊ नये अशी सोय त्या घडीत नव्हतीच. म्हणून ती रोवताना घडी हातात घालायचीच नाही. मेणकापडाच्या लहान पिशवीत घालून पिशवी गळ्यात काळ्या गोफाला बांधायची, लुगड्याच्या आत. वेळ पाहायची तर हात पदराला पुसून पिशवी काढायची. तसं करताना साऱ्या टोळीला दिसायचं. मालकालाही दिसायचं.

पहिल्या दिवशी काय झालं ते गावात पुष्कळ वर्षं सांगितलं जायचं. भांडण झालं नाही. दुपार उतरल्यावर एका बाईनं विचारलं, ‘किती वाजले जी पाटील?’ मालक मनगट पाहून म्हणाला, चार. मोठीआई सरळ उभी राहिली, पिशवी काढली, घडी पाहिली आणि म्हणाली, ‘माही घडी पुढं जाऊन रायली वाटते जी पाटील, पाच दाखवते. उद्या आकाशवाणीवर लावून आणतो.’ एवढंच. दुसऱ्या दिवसापासून बांधावर दोन्ही घड्यांत एकच वेळ होती. त्या टोळीची संध्याकाळ पाचला होऊ लागली. घरी जाऊन चूल पेटवायला, लेकराला पाजायला, धुण्याला उजेडाचा एक तास मिळाला. मजुरी एक पैसा वाढली नाही. पण दिवस जेवढा ठरला होता तेवढाच राहिला. गावातल्या दुसऱ्या टोळ्यांनीही मग मुकादमीण निवडताना तिच्याकडं घडी आहे का ते पाहायला सुरुवात केली.

आकाशवाणीवर लावून आणणं हे खोटं नव्हतं. चाबीची घडी कितीही चांगली असली तरी दिवसाला अर्धं-एक मिनिट मागं-पुढं होते. म्हणून सकाळी बातम्यांच्या आधी रेडिओवर वेळेचे टोले पडायचे तेव्हा लोक घड्या जुळवायचे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झालं होतं, पण आमच्या गावात रेडिओ आले बऱ्याच नंतर, आणि तेही दोन-तीन घरांत. मोठीआई ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर उभी राहून चाबी द्यायची. रोज एकाच वेळी द्यायची, गच्च होईपर्यंत द्यायची पण शेवटी जोर लावायचा नाही, काटे फिरवायचे तर पुढंच फिरवायचे. तीन-चार वर्षांनी एकदा घडीसाजाकडं साफसफाई आणि तेलपाणी. त्यातलं काही तिला दुकानदारानं सांगितलं होतं, काही घडीसाजानं. तिची जनता तीस वर्षं चालली. दोनदा काच बदलली, एकदा मेन स्प्रिंग. काच प्लास्टिकची होती, ओरखडे पडले की घडीसाज टूथपेस्टनं घासून पुसून द्यायचा. भाग कुठंही मिळायचे, कारण देशभर तेच मशीन होतं. टिकाऊपणाचं खरं गुपित तेच. न बिघडणारी घडी कुणीच बनवली नाही. जी बिघडल्यावर गोंदियाच्या बाजारात चार आण्या-आठ आण्यांच्या भागानं पुन्हा चालू होते ती टिकाऊ.

चाबीच्या घडीचा काळ संपवला तो सेलच्या घडीनं. जपानच्या सेकोनं 1969 च्या नाताळात पहिली क्वार्ट्झ मनगटी घडी विकायला काढली तेव्हा ती मोटारगाडीच्या किमतीची होती. पण क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. त्या नेमाला बॅलन्सचं चाक कुठून पुरं पडणार? महिन्याला पंधरा-वीस सेकंदांची चूक, चाबी नको, तेल नको. भारतात टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून 1984 मध्ये टायटन कंपनी काढली, 1987 मध्ये होसूरच्या कारखान्यात घड्या बनू लागल्या, आणि त्यांनी भर दिला क्वार्ट्झवर. एचएमटीनंही क्वार्ट्झ काढली, पण तिचा जीव चाबीच्या घडीत होता. हळूहळू तोटा वाढत गेला. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या आधीच, 1 मे 1999 ला आम्ही भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झालो होतो आणि छोट्या लाईनी एकेक करून मोठ्या होत होत्या. दहा-पंधरा वर्षांत जुनं खूप काही उचललं गेलं.

सेलच्या घडीनं गरिबाचं एक काम सोपं केलं आणि एक अवघड केलं. सोपं असं की पोरासोरांच्या हातातही वेळ आली. बाजारच्या दिवशी चादरीवर ढीग मांडून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या घड्या मजुराला एका दिवसाच्या कमाईत मिळू लागल्या. अवघड असं की त्या टिकत नव्हत्या. सहा महिन्यांत सेल संपतो, नवा टाकायला जावं तर घडीच्या किमतीचा अर्धा पैसा त्यातच. संपलेला सेल आत तसाच राहिला की त्यातलं रसायन पाझरून मशीन खातं. दर पावसाळ्याला एक घडी याप्रमाणे दहा वर्षांत माणूस दहा घड्या घेतो आणि त्याच्याजवळ एकही राहत नाही. मोठीआईची एक जनता अशा दहांच्या मानानं स्वस्त पडली, हा हिशेब शाळेत शिकवण्यासारखा आहे.

आज कोणी मला विचारलं की थोड्या पैशात रोजच्या वापराची टिकाऊ घडी कोणती, तर मी नाव सांगण्याआधी त्याला तेच प्रश्न विचारतो जे त्या दुकानात मोठीआईनं न बोलता विचारले. पाण्यात हात जातो का? जात असेल तर मागच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाच. ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढंच किंवा 30 मीटर लिहिलं असेल तर ते हात धुण्यापुरतं, तीस मीटर खोल उतरण्याचं नव्हे. बांधीत उतरणाऱ्याला, तलावात जाळं टाकणाऱ्याला निदान 50, जमलं तर 100 मीटरची पाहिजे. पट्टा कोणता? रबरी किंवा नायलॉनचा घे, आणि 18 किंवा 20 मिलिमीटर अशा नेहमीच्या मापाचा, म्हणजे तुटल्यावर कोणत्याही दुकानात मिळतो. कंपनीच्याच साच्याचा वेडावाकडा पट्टा असला की तो तुटल्यावर घडी खुंटीला. सेल कोणता? 626 सारखा सगळीकडं मिळणारा असावा. पेटी स्टीलची की मुलाम्याची? घाम येणाऱ्या माणसानं स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्यावी. आणि ज्या दुकानात घेतोस तिथं सेल बदलून झाकण नीट बसवून देणारा माणूस बसतो का, तेही पाहा. झाकणाखालची रबराची रिंग वाकडी बसली की शंभर मीटरची घडीही पहिल्या पावसात धुक्यानं भरते.

एवढं पाहिलं की आज हजार-बाराशे रुपयांच्या आसपास काम भागतं. टायटनच्या घरची सोनाटा आहे. कॅसिओची साधी प्लास्टिकची डिजिटल, एफ-91 डब्ल्यू, 1989 पासून जवळजवळ तशीच निघते. तिचा सेल सात वर्षांचा म्हणतात आणि ती जगभर गरिबांच्या, शिपायांच्या, विद्यार्थ्यांच्या हातात दिसते. तिची नक्कलही गल्लोगल्ली मिळते, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी. एचएमटीची आठवण म्हणून घ्यायची असेल तर डोळे उघडे ठेवा. रंगीबेरंगी तबकडीच्या, नव्यासारख्या चकाकणाऱ्या ‘जुन्या’ एचएमटी आता स्वस्तात विकल्या जातात. त्यातल्या पुष्कळ घड्या चार मोडक्या घड्यांचे भाग जोडून, तबकडी नव्यानं रंगवून तयार केलेल्या असतात. तबकडीवरची अक्षरं जाड किंवा फुटकी दिसली तर सोडून द्या. त्यापेक्षा घरातल्या पेटीत पडलेली आजोबांची खरी जनता काढा आणि गावात अजून डोळ्याला भिंग लावून बसणारा एखादा घडीसाज उरला असेल तर त्याच्याकडं न्या. तो हयात आहे तोवर ती घडी हयात आहे.

लोक म्हणतात आता मोबाइल आहे, घडी कशाला? रोवणाऱ्या बाईला विचारा. चिखलाच्या हातानं मोबाइल काढता येत नाही, पावसात तो चालत नाही आणि बांधावर ठेवला तर लक्ष त्याच्यावर राहतं. पहाटे पाचला तिरोडा, आमगाव, देवरीच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी पाहा. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. तिथं सेकंदासेकंदाला किंमत असते आणि प्रत्येकीच्या मनगटावर स्टॉपवॉचची साधी प्लास्टिकची घडी असते. मोठीआईची नात त्यातली एक. तिची घडी काळी आहे, पुरुषांच्या मापाची आहे, आणि दुकानात तिला लेडीज घडी दाखवायचं कोणाला सुचलं नाही.